बंद लाइनवरचा पंखा

माईक बंद पडला तेव्हा बाहुल्यांचा खेळ निम्म्यावर आला होता. जटायूचा एक पंख तुटला होता, दुसरा तुटायचा होता. खेळ करणारे आजोबा थांबले नाहीत. त्यांनी आवाज चढवला आणि दोऱ्या ओढत राहिले. मागे बसलेले लोक मात्र कुजबुजायला लागले.

मी तिसऱ्या रांगेत होते. रविवार होता, सकाळचे साडेअकरा. मी ड्यूटीवर नव्हते. पण त्या भागाच्या वीज कंपनीच्या सेक्शनची इंजिनिअर मीच, त्यामुळे लाइट गेल्यावर दहाबारा माना माझ्याकडे वळल्या.

कार्यक्रम तोंडवलीच्या सुरूच्या बनात होता. शाळेत मला चित्रकला शिकवणारे तुळसकर सर रिटायर झाल्यापासून दर हिवाळ्यात ही कलासहल काढत. डिसेंबर-जानेवारीतल्या चार रविवारी दोन बस भरून माणसं निघायची. कुडाळ-मालवणची कुटुंबं असायची, थोडे गोव्याचे पाहुणे. एका रविवारी लाकडी खेळणी रंगवणाऱ्यांच्या घरी, एका रविवारी कुंभारवाड्यात. शेवटचा रविवार समुद्राकाठी. तिथे बाहुल्यांचा खेळ, भजन, मुलांची चित्रं आणि दुपारी घावणे-चटणी.

शेवटच्या रविवारसाठी तात्पुरतं वीज कनेक्शन लागे. ते मी द्यायचे. त्या वर्षी सरांनी पहिल्यांदाच एक जनरेटरही भाड्याने आणला होता.

इथे एक गोष्ट समजावून सांगते. जिथे लाइनची वीज आणि जनरेटर दोन्ही असतात, तिथे मधे चेंजओव्हर स्विच लागतो. त्याचा दांडा एका बाजूला केला की लाइनची वीज येते, दुसऱ्या बाजूला केला की जनरेटरची. दोन्ही एकदम कधीच नाही. हा स्विच नसेल आणि मेन स्विच चालू राहिला, तर जनरेटरची वीज मंडपात येतेच, पण मीटरमधून उलटी बाहेरही जाते, खांबावरच्या तारांत. याला आम्ही बॅक-फीड म्हणतो. बंद म्हणून समजलेली लाइन तेव्हा जिवंत असते.

शुक्रवारी सर ऑफिसात फॉर्म घेऊन आले होते. टेस्ट रिपोर्टवर कॉन्ट्रॅक्टरची सही होती. चेंजओव्हर बसवला, अशी नोंदही होती. मी विचारलं, खरंच बसवला का?

"शुभा, मालवणात गावलो नाय. बांद्याक सांगलंय, उद्या सांजपर्यंत येतलो," सर म्हणाले. "तू सही करून ठेव. माझ्यार इस्वास आसा मा?"

विश्वास होता. याच माणसाने मला पहिल्यांदा हातात ब्रश कसा धरायचा ते दाखवलं होतं. मी 'जागेवर पाहणी केली' या रकान्याखाली सही केली. शनिवारी जाऊन बघायचं असं मनात ठरवलं. शनिवारी दुसरीकडे एक ट्रान्सफॉर्मर जळला, त्यात माझा दिवस गेला.

लाइट गेल्यावर पाच मिनिटांत वायरमन धुरींचा फोन आला. धुरी अकरा वर्षं लाइनवर होते. बोलायला कमी, कामाला चोख. फोन करून सांगितल्याशिवाय कधी खांबाला हात लावला नाही.

"मॅडम, सुरूची फांदी पडली तारेर. जंपर तुटलो हा," म्हणजे खांबावरचा जोड देणारा तुकडा. "फ्यूज काढलंय, आता खांबार चडतंय. धा मिन्टां लागतली."

मी "बरं" म्हटलं. एवढंच.

मला दोन प्रश्न विचारायचे होते. नियमाप्रमाणे ते विचारणं माझं काम होतं. पहिला, सोबत कोण आहे? वायरमनने एकट्याने खांबावर चढायचं नसतं. पण आमच्याकडे एक जागा दोन वर्षं रिकामी होती आणि धुरी एकटेच चढत हे मला माहीत होतं. दुसरा, शॉर्टिंग चेन टाकली का? ही साखळी सगळ्या तारांना एकत्र बांधून जमिनीशी जोडतात. मग चुकून कुठून वीज आलीच तर ती साखळीतून जमिनीत जाते, माणसात नाही. मी यातलं काही विचारलं नाही. खेळ बघत होते.

मी सरांना खूण केली की दहा मिनिटं लागतील. सरांनी मान हलवली आणि मागे जनरेटरवाल्याकडे गेले. पाहुण्यांना दहा मिनिटं बसवून ठेवणं त्यांना बरं वाटलं नसणार. ते जनरेटर चालू करायला निघाले आहेत हे मला दिसलं. मी अडवलं नाही. चेंजओव्हर बसलेला आहे, असं सांगणाऱ्या कागदावर मीच सही केली होती, आणि तोवर माझाही त्यावर विश्वास बसला होता.

जनरेटर धडधडला. माईक खरखरून चालू झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बनाच्या कुंपणापलीकडे एक घर होतं. पडवीत एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसले होते. त्यांच्या डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. त्यांनी पेपर उडू नये म्हणून त्यावर हात ठेवला.

ते घर आमच्या जनरेटरवर नव्हतं. ते लाइनवर होतं. त्या लाइनचा फ्यूज धुरींनी काढला होता.

मी उठले कशी आणि रांगेतून बाहेर पडले कशी ते आठवत नाही. जनरेटरवाल्याला ओरडून सांगितलं, पण मशीनच्या आवाजात त्याला ऐकू येईना. मी त्याला बाजूला सारून ब्रेकर खाली ओढला. मागे माईक पुन्हा बंद झाला. लोक वैतागल्याचा आवाज मला ऐकू आला. मेन बोर्डाकडे नजर गेली. चेंजओव्हर नव्हता. जनरेटरच्या वायरी सरळ बोर्डाला जोडल्या होत्या आणि मेन स्विच चालू होता.

खांब रस्त्याच्या वळणावर होता. धुरी पट्ट्याला लटकले होते, डोकं मागे पडलेलं. एक हात अजून तारेजवळ होता.

बसच्या ड्रायव्हरने आणि दोघा पाहुण्यांनी शिडी लावून त्यांना उतरवलं. बाहुलीवाल्या आजोबांनी आपली सतरंजी आणून टाकली. मी ट्रेनिंगमध्ये शिकवल्याप्रमाणे छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. पाहुण्यांत पणजीच्या एक डॉक्टर बाई होत्या. त्या आणि मी आलटून पालटून दाबत राहिलो. अँब्युलन्सला यायला पंचवीस मिनिटं लागली. मालवणला पोचल्यावर तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं नाही. तेव्हाच मला कळलं, धुरी गेले.

सर हॉस्पिटलच्या पायरीवर बसले होते. ते म्हणाले, बांद्याहून स्विच शनिवारी आला होता. कॉन्ट्रॅक्टरने तो रविवारी सकाळी बसवतो म्हटलं, मग आला नाही. सर कार्यक्रमाच्या गडबडीत विसरले. स्विच त्यांच्या घरी खोक्यात होता.

दुसऱ्या दिवशी सरकारच्या विद्युत इन्स्पेक्टरची चौकशी ठरली. त्याआधी आमच्या साहेबांनी मला बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना मला वाचवायचं होतं.

"रिपोर्टमध्ये एवढंच लिहा की धुरीने चेन टाकली नव्हती," ते म्हणाले. "त्यात खोटं काही नाही."

"अर्धं आहे, साहेब."

"बाकीचं अर्धं लिहिलंत तर नोकरी जाईल. केस होईल."

मी घरी गेले आणि दोन पानं लिहिली. चेन टाकली नव्हती हे लिहिलं. सोबत माणूस नव्हता आणि ते मला ठाऊक होतं, हे लिहिलं. जागा न बघता सही केली, हेही. साहेबांनी वाचलं आणि पुढे पाठवलं.

बाराव्यानंतर मी धुरींच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीने मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसल्या.

"त्येंची चूक असा लिवलास काय?"

"हो, वहिनी. आणि माझीही."

त्यांनी अंगणातल्या गाडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ती साखळी गाडीच्या डिकीत होती. रोज टाकीत. त्या दिसाच घाई कित्याक केल्यांनी?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. रिपोर्टात ते लिहायला रकाना नव्हता. मी सांगितलं, "शनिवारी मीच त्यांना म्हटलं होतं, सरांचा कार्यक्रम आहे, लाइट गेली तर पटकन बघा."

"म्हणजे त्येंनी तुमचा आयकला," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी तो चहा प्यायले. नको म्हणायची हिंमत झाली नाही.

मी सहा महिने सस्पेंड होते. मग वेतनवाढ रोखून घाटावर बदली झाली. सरांवर, कॉन्ट्रॅक्टरवर आणि माझ्यावर केस आहे. तारखेला आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात भेटतो. सर माझी चौकशी करतात, मी त्यांच्या गुडघ्यांची. कलासहल त्या वर्षापासून बंद आहे. धुरींची मुलगी आमच्याच कंपनीत बिलिंगला लागली. तिच्या आईने तिला लाइनच्या कामाकडे जाऊ दिलं नाही, ते बरंच केलं.

सणासुदीला, गॅदरिंगला, लग्नाला तात्पुरती कनेक्शनं मी अजून देते. जागेवर जाते. चेंजओव्हरचा दांडा स्वतः वरखाली करून बघते, मग तिथेच उभं राहून सही करते. लोक तक्रार करतात की मॅडम फार वेळ लावतात. लावते.