आमच्या पोरीचा पहिला शो

खरं सांगायचं तर पिक्चर बघायला म्हणून मी गेलेच नव्हते. मी गेले होते पोरीचे कान बघायला.

म्हणजे झालं असं. आमचं घर घाटकोपरला, असल्फ्याच्या चढावर. खाली गाळा आणि गाळ्यावर माळा, लोखंडी शिडीने चढायचं, तो माळा म्हणजे आमचं घर. गाळ्यात एसीचे ते पत्र्याचे लांबडे चौकोनी डक्ट बनतात. सकाळी सुरू झालं की अंधार पडेपर्यंत पत्रा ठोकायचं चालू, मध्येच कटर, त्याचा आवाज असा की दातात कळ जावी. नवरा त्याच गाळ्यात कामाला. लग्न होऊन आले तेव्हा मी डोकं धरून बसायची, मग सवय कधी झाली कळलंच नाही. आमच्या गल्लीत गाळेच गाळे, त्यामुळे बायका दिवसा बोलतच नाहीत, सगळं हातानेच. पाणी आलं की मूठ उघडमीट करायची. चहा टाकलाय तर अंगठा तोंडाशी न्यायचा. सासूला हाक मारायची तर खांद्यावर थाप मारायची, हाक कोणाला ऐकू जाणार?

त्या माळ्यावर माझी मुलगी वाढत होती. पोटात होती तेव्हापासून तिथेच.

सहा महिन्यांची असेल, माझी नणंद बघायला आली, कामाच्या दिवशीच. तिने मागून खुळखुळा वाजवला, पोर वळली नाही. टाळी वाजवली, नाही. ठोकाठोकी जरा थांबली तशी नणंद सहज म्हणाली, "वहिनी, हिला ऐकू येतं ना गं?" आणि चहा प्यायला लागली. ती विसरली, मी नाही विसरले. 

त्यानंतर मी काय काय केलं. झोपलेली असताना तिच्याजवळ ताट आपटलं, पापणी हलली नाही. कुकरची शिट्टी झाली, फटाके लागले, गल्लीतून बँजो पार्टी गेली, ही ढिम्म. जागी असली की माझ्या तोंडाकडे बघायचीच नाही, हाताकडे बघायची. मी म्हटलं संपलं. माझी शाळा नववीत सुटली, मला काय कळतं, पण एवढं कळत होतं की ऐकू येणारं पोर दचकतं. वस्तीत घरोघरी येणाऱ्या, सरकारी आरोग्यवाल्या आशाताईने सांगितलं होतं, हॉस्पिटलमध्ये कान तपासून घे, जन्मल्यावर झालं नसेल तर. दोनदा गेले, केसपेपरच्या रांगेत उभी राहिले आणि नंबर जवळ आला तशी पळून आले. कागदावर लिहून दिलं तर मग काय उरलं?

नवऱ्याला नाही सांगितलं. सासूला तर नाहीच. सासूचं आपलं वेगळंच चालू. पोर रविवारी फार रडायची, मांडीवरून खाली ठेवू द्यायची नाही, तर सासू मीठ-मिरच्या घेऊन तयार. "दिष्ट लागली गो चेडवाक. रयवारी सगळी बघूक येतत, गोरी-गोरी म्हणतत." आणि पोर खरंच गोरी नाही, आमच्यावर गेलीय.

तर पिक्चर. नवरा आणि त्याचे मंडळातले चार मित्र, लहानपणापासूनचे. हे लहान होते तेव्हा गणपतीत मंडळ रस्त्यावर पडदा लावून पिक्चर दाखवायचं. एकदा कोणीतरी एक अंतराळातला इंग्लिश पिक्चर आणला, हिंदीत बोलणारा. त्याची सुरुवात अशी की एक माणूस अंतराळात एकटा तरंगतोय, दोरी तुटलीय, आणि आवाजच नाही. अजिबात नाही. गाणं नाही, श्वास नाही. पब्लिकला वाटलं स्पीकर गेला. सगळे ओरडायला लागले, "ए आवाज! ए आवाज दे!" एकाने ऑपरेटरला चप्पल मारली. आणि तेवढ्यात मागून ते भलंमोठं यान आलं, असा काही धडाका झाला की पहिल्या रांगेतली पोरं खुर्च्यांसकट मागे.

तेव्हापासून दरवर्षी तोच पिक्चर लावायचे, आणि त्यांचा नियम झाला. सुरुवातीला यान येईपर्यंत कोणी बोलायचं नाही, खोकायचं नाही. जो पहिला आवाज करेल त्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा. आता तोच पिक्चर नव्याने बनवला होता, नवे लोक, नवा हिरो. हे पाच बाप्ये, दोघांना टक्कल पडलंय, महिनाभर त्याच टेन्शनमध्ये.

"सुरुवातीला गाणं टाकलं असेल तर मी उठून जाणार."

"टाकणारच रे. आजकाल शांत बसवतं कुणाला?"

"कोणीतरी बोलत असेल बघ. मैं हूं फलाना, मेरी कहानी सुनो."

"नको रे असं बोलू यार, झोप नाय येत."

नवरा मला म्हणाला, "तू पण चल. पोरीला घेऊन. पहिल्या दिवशीचा पहिला शो आहे." मी नको म्हणणार होते. एवढ्या लहान पोरीला कोण नेतं तिथे? मग डोक्यात आलं, तिथे सगळ्यात मोठा आवाज असतो. गाळ्यापेक्षा मोठा. त्याला उठली तर उठली. नाही उठली तर मग ते खरंच आहे. हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा हे बरं, तिथे कोणी कागदावर लिहून तर देणार नाही.

शुक्रवारी सकाळी निघालो. नवऱ्याने गाळ्यातल्या पत्र्याचं हेल्मेट बनवलं होतं, त्या अंतराळवाल्यासारखं, काच म्हणून बाटलीचं प्लास्टिक. मॉलच्या सिक्युरिटीने अडवलं.

"ये अंदर नहीं जाएगा."

"अरे भाऊ, टोपी आहे."

"टोपी को नटबोल्ट होता है क्या?"

मित्र हसून हसून वाकले. हेल्मेट सिक्युरिटीच्या टेबलाखाली ठेवलं, नवऱ्याचं तोंड पडलं. आत कॉलेजची पोरंपोरी एकसारखे टीशर्ट घालून आलेली. त्यांनाही ती सुरुवात माहीत होती, त्यांनी म्हणे मोबाइलवर बघितली होती. आमच्यातला एक त्यांना म्हणाला, "आम्ही रस्त्यावर बघितलाय, बाळा," आणि मग तो आणि ती पोरं जुन्या दोस्तांसारखी बोलायलाच लागली.

पोर मांडीवर झोपली होती. जाहिराती सुरू झाल्या आणि काय तो आवाज, छातीत धडधड होत होती. मी खाली बघितलं. तोंड उघडं टाकून झोपलेली. दुसऱ्या पिक्चरचे तुकडे दाखवले, बाँब, गाड्या, किंचाळ्या. झोपलेली. मी तिच्या पायाला हलकंसं हलवलं, तर तिने पाय ओढून घेतला आणि परत झोपली. म्हणजे पायाला कळतं, कानाला नाही. मला वाटलं आत्ता उठून नवऱ्याला सांगावं, की ऐक, आपल्या पोरीला ऐकू येत नाही. तो बाजूला बसून देवाचं नाव घेत होता, पिक्चरसाठी.

मग पूर्ण अंधार झाला.

आणि आवाज गेला. पडद्यावर काळं आकाश, त्यात एक छोटा पांढरा माणूस हळूहळू फिरतोय. गाणं नाही. कोणी बोललं नाही. तसंच ठेवलं होतं त्यांनी. अख्खं थिएटर श्वास धरून बसलं. पॉपकॉर्न खाणारे पण थांबले. माझ्या बाजूला नवऱ्याने खुर्चीचा हात एवढा घट्ट पकडला होता, मला वाटलं तुटतोय. एवढी शांतता मी लग्न झाल्यापासून ऐकली नव्हती, मला तर माझ्याच गळ्यातल्या मण्यांचा आवाज आला.

आणि मांडीवर काहीतरी हललं.

खाली बघते तर पोर टक्क जागी. डोळे एवढे मोठे. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, खालचा ओठ बाहेर काढला आणि जी रडली, जी रडली, असं वाटलं पडदा फाटतोय.

"शूऽऽ!" सगळीकडून. पुढच्या रांगेतली कॉलेजची पोरगी वळून म्हणते, "आंटी, प्लीज!" मी तिच्याहून मोठी असेन तर दोन-तीन वर्षांनी. मी उठले, गुडघ्यागुडघ्यांतून वाट काढायला लागले, कोणाच्या पायावर पाय दिला काय माहीत. मंडळातले चौघे आणि नवरा बोलू शकत नव्हते, नियम ना, तर पाचही जण अंधारात आमच्या गल्लीसारखे हातवारे करत होते. एक म्हणतोय बाहेर जा, एक म्हणतोय पाज तिला, नवरा म्हणतोय मला दे. मला रडू फुटलं. कधी नव्हे ते सगळे खुश होते आणि माझ्यामुळे वाट लागली.

मी पायऱ्यांपर्यंत पोचले आणि यान आलं.

तो आवाज कसा सांगू? पायऱ्या हलल्या. त्याच्यावर सगळ्या पब्लिकची बोंब, शिट्ट्या, टाळ्या, आमचे पाचही जण खुर्चीवर उभे, "तस्संच ठेवलंय रे! तस्संच!" मी पोरीचे कान दाबले, म्हटलं आता घाबरून निळी पडेल. तर तिने एक हुंदका दिला. दुसरा अर्धाच आला. मूठ तोंडात घातली, डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि झोपली. त्या आवाजात. शांतपणे, जशी रोज दुपारी माळ्यावर झोपते.

मी तिथेच पायरीवर बसले.

मला कळायला वेळ लागला, माझं डोकं तसं हळूच चालतं. ती आवाजाने उठली नव्हती. आवाज गेला म्हणून उठली होती. मग आवाज आहे की नाही, हे तिला कळत होतं. ऐकू येत होतं. ऐकू येत होतं माझ्या पोरीला!

टॉर्चवाला आला. "मॅडम, सीट पे बैठो." मी तोंड पुसत होते, हसत होते, परत रडत होते. तो बिचारा पडद्याकडे बघून म्हणाला, "इतना अच्छा है क्या पिक्चर?" मी म्हटलं, "बहुत अच्छा है."

पुढचं काय होतं मला विचारू नका. शेवटी तो माणूस घरी पोचतो, एवढं लक्षात आहे.

इंटरवलला बाहेर आलो. पाचही जण एकमेकांना मिठ्या मारत होते, जणू स्वतःच बनवलाय. एक मित्र माझ्याकडे वळला. "वहिनी, पण नियम म्हणजे नियम. पहिला आवाज तुमच्या पोरीचा. वडापाव लागला तिच्यावर."

"देऊ की," मी म्हटलं, "दोन-दोन देऊ."

"अरे, वहिनी भांडल्या नाहीत? काय झालं यांना?"

मग मी नवऱ्याला बाजूला घेतलं, खिडकीपाशी, आणि सगळं सांगून टाकलं. खुळखुळा, ताट, रांग, सगळं, एका दमात. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "ऐकू येत नाही? तिला? अगं, मग ती रविवारी का रडते?"

"दृष्ट लागते ना."

"कसली दृष्ट! रविवारी गाळा बंद असतो." आणि एकदम त्याचाच चेहरा बदलला. "एवढे दिवस तू एकटी हे घेऊन फिरत होतीस? मी खालीच होतो ना गं. एक शिडी उतरायची होती."

त्याने पोरीला माझ्याकडून घेतलं आणि अख्खा इंटरवल तिला सोडलं नाही. मित्र समोसे घेऊन आले तर म्हणाला, हात रिकामे नाहीत, भरवा मला.

सोमवारी तो कामावर गेला नाही, आम्ही दोघं हॉस्पिटलला गेलो. रांगेत तो माझ्या मागे उभा राहिला, मला म्हणाला, पळायचं असेल तर माझ्यावरून पळ. तिथल्या बाईंनी पोरीच्या कानात बारीकशी नळी घातली, मशीनकडे बघितलं, दुसऱ्या कानात घातली. मी मशीनकडे बघितलंच नाही, बाईंच्या कपाळावरच्या टिकलीकडे बघत होते. "दोन्ही कान छान आहेत," त्या म्हणाल्या. मग आम्ही कुठे राहतो ते ऐकलं आणि जी काय ओरडल्या! छान आहेत ते छान ठेवा म्हणाल्या, एवढ्या ठोकाठोकीत बाळाला दिवसभर ठेवतात का, आणि थिएटरमध्ये नेतात का? मी मान खाली घालून हो हो म्हणत होते, पण आत इतकं हलकं वाटत होतं की त्या आणखी तासभर ओरडल्या असत्या तरी चाललं असतं. आता सकाळी सासू तिला घेऊन वरच्या अंगाला देवळाच्या ओट्यावर जाऊन बसते, संध्याकाळी गाळा बंद झाला की आणते. सासूचं म्हणणं, दृष्ट काढली म्हणूनच कान बरे निघाले. असू दे.

त्या सोमवारी हॉस्पिटलमधून येताना रिक्षा केली. नवरा पुढे नाक्यावर उतरला, गाळ्यात तोंड दाखवायला. मी आणि पोर राहिलो. मी तिला सांगायला लागले, हे बघ मेट्रो, ही वरून जाते, ही भाजीवाली, हिच्याकडे घ्यायचं नाही, ही जुनी मेथी देते, हा बघ कुत्रा, कसा झोपलाय आळशी, तुझ्यासारखा. इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं एकदम बाहेर येत होतं. आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मध्येच "आऽ" म्हणाली, जसं काय पुढे सांग.

रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, "ताई, फोनवर आहात का?"

"नाय ओ," मी म्हटलं, "पोरीशी बोलतेय."