चिमणीनं दार का उघडलं नाही

सहावीत असताना आमच्या वर्गात एक खटला चालला होता आणि त्यात आरोपी मी होते.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक असलेलीच. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं. तो चिमणीच्या मेणाच्या घरापाशी येऊन दार वाजवतो आणि चिमणी आतून एकेक कारण सांगत त्याला भिजत ठेवते. मराठीच्या बाई म्हणाल्या, "आपण कावळ्याला कोर्टात जाऊ देऊ. चिमणीचं चुकलं की नाही, ते तुम्हीच ठरवा." चिमणीसाठी त्यांनी मला निवडलं, कारण वर्गात माझाच आवाज सगळ्यात बारीक होता. पाठ करायची उत्तरंही दिली. पिल्लाची आंघोळ चालली होती, पिल्लू जेवत होतं, वगैरे.

आमचं गाव कुंभार पिंपळगावच्या अलीकडचं. दिवाळी झाली की गावचा मुकादम टोळी घेऊन ऊसतोडीला जायचा, तो उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचा. माझे आई-वडील त्याच टोळीत होते. घरी मी, दुसरीतला भाऊ आणि आजोबा. आजोबांना ऐकू येत नसे आणि दिवेलागणीच्या आतच जेवून ते झोपी जात.

त्या हिवाळ्यात अंधार पडला की आमचं दार वाजायचं. रोज नाही. मधे काही दिवस कुणी यायचं नाही, मला वाटायचं सुटलो, आणि मग पुन्हा. जोरात नाही, बोटाच्या पेरानं वाजवावं तसं. "दार उघड गं. तुझ्या बापाचा निरोप हाये." आवाज मुकादमाच्या भावाचा होता. मी लाइट बंद करायचे, पाटा ओढून दाराला लावायचे आणि भावाच्या तोंडावर हात ठेवून बसायचे. बाहेर त्याच्या चपला इकडून तिकडे फिरायच्या, मग लांब जायच्या. खरा निरोप असता तर त्यानं दिवसा रस्त्यात सांगितला असता, एवढं मला कळत होतं. पण सांगणार कुणाला? आई-वडिलांचं काम त्याच्याच भावाच्या हातात होतं. फोनवर आई विचारायची, "समदं बराबर हाये ना?" मी म्हणायचे, "बराबर हाये."

खटल्याच्या दिवशी बाकं भिंतीला लावली. बाईंच्या खुर्चीवर वर्गातली सगळ्यात उंच मुलगी न्यायाधीश होऊन बसली. कावळ्याचा वकील थोरल्या भावाचा काळा कोट घालून आला होता, कोट गुडघ्यांपर्यंत. कावळा झालेला मुलगा थंडीनं कुडकुडल्याचं असं सोंग करत होता की पोरं हसून लोळत होती. मीही हसले. मग पुकारा झाला, "आरोपी चिमणी हाजीर हो!" आणि मी दोन बाकांच्या मधे जाऊन उभी राहिले.

वकील म्हणाला, "जजसाहेब, माझ्या कावळ्यानं दार असं वाजवलं." आणि त्यानं बोटाच्या पेरानं बाकावर वाजवलं. टक, टक, टक.

पाठ केलेलं एक अक्षर आठवेना.

"मंग तू दार का न्हाई उघडलं?"

"भ्याव वाटलं."

"खोटं बोलून राह्यली! कावळा तुझ्या वळखीचाच व्हता ना?"

"वळखीचा हाये म्हणून तर जास्त वाटतं," मी म्हणाले. "घरात मोठं कुणी न्हाई. आजोबाला ऐकू येत न्हाई."

"चिमणीला आजोबा!" कुणीतरी ओरडलं आणि वर्ग हसला. न्यायाधीश मात्र हसली नाही. तिनं पुढं वाकून विचारलं, "तो रोज येतो का गं?"

"रोज न्हाई."

बाई उठल्या आणि म्हणाल्या, "आजचं कोर्ट इथंच थांबवू."

खरी भीती मला त्यानंतर वाटली. आता ही गोष्ट गावभर होणार, त्याच्या कानावर जाणार. हापशापाशी बाईंनी विचारलं, "कोण आहे तो?" मी हापसा हलवत राहिले. "बरं, संध्याकाळी मीच येते." मी रडायलाच लागले. "नका येऊ बाई. बाबांचं काम जाईल."

तरी त्या आल्या. येताना मागच्या घरातल्या मुसलमान शेजारणीला, आम्ही तिला खाला म्हणायचो, सोबत घेऊन आल्या. खाला आल्या आल्या माझ्यावरच चिडली, "इत्ते दिन हो गए, और तू बोली नहीं?" आम्ही लाइट बंद करून बसलो. बाईंनी माझा हात धरला होता. त्यांचा हात माझ्याहून गार होता. मोठी माणसंही भितात हे मला तेव्हा कळलं आणि त्यानं माझा उरलासुरला धीर गेला.

चपला वाजल्या. मग दार वाजलं. "दार उघड गं."

बाई क्षणभर हलल्याच नाहीत. खालानं पाटा सरकवला, तेव्हा त्या उठल्या, कडी काढली आणि मोबाइलचा उजेड सरळ त्याच्या तोंडावर धरला. "काय निरोप आहे? मला सांगा."

तो डोळ्यांवर हात घेऊन मागं सरला. "काई न्हाई मॅडम. पोरं एकटीच हायेत, म्हणून बघाया आल्तो."

"आता आम्ही आहोत बघायला." बाईंनी उजेड हलवला नाही. "उद्या सरपंचांनाही सांगणार आहे."

तो निघाला तशी खालानं असा आरडाओरडा केला की गल्लीतली दारं उघडली. माणसं बाहेर आली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मी पाटा पुन्हा दाराकडं ओढत होते, आणि भाऊ मला विचारत होता, "आता तोंडावर हात न्हाई ठेवायचा का?"

खाला त्या दिवसापासून आमच्याकडं झोपू लागली, खाट दारालाच आडवी लावून. बाईंनी आईला फोन केला. वडिलांना टोळी सोडता आली नाही, आई मात्र आठवड्यात एकटीच बोचकं घेऊन एसटीनं परत आली. उसाच्या पात्यांनी तिचे हात चिरले होते. तिनं मला जवळ घेतलं. तोडीला ती परत कधीच गेली नाही.

तो माणूस गावातच राहिला. सरपंचांनी त्याला बोलावून दम दिला, एवढंच झालं. दहावी होईपर्यंत मी त्याच्या गल्लीनं गेले नाही. आई मोसंबीच्या बागेत कामाला जाताना मला रोज शाळेच्या फाटकापर्यंत सोडायची, मी तिच्याहून उंच झाले तरी.