बसल्या बसल्या सांवेर

कदमजी भेटल्यावर नमस्कार करत नसत, मनगट पुढे करत. पोलोग्राउंडच्या कारखान्यात मी साताऱ्याहून येऊन नवा रुजू झालो, तेव्हा स्टोअर सांभाळणाऱ्या या गोलमटोल गृहस्थांनी पहिल्याच दिवशी माझी बोटं आपल्या नाडीवर टेकवली. नाडी धडधडत होती. "बघा भिया, बसल्या बसल्या सांवेरपर्यंत दौडून आलो," ते म्हणाले. सांवेर हे गाव बसनं तासाभरावर.

ही किमया ड्रॉवरमधल्या चरबी जाळणाऱ्या कॅप्सूलची. पोहे-जलेबी झाली की एक, कचोरी झाली की दुसरी. मुलीच्या लग्नात पणजोबांचा दरबारी अंगरखा घालायचाच, हा त्यांचा हट्ट, आणि अंगरख्याच्या बंदांचा त्याला सक्त विरोध होता.

"डॉक्टरला दाखवा एकदा," मी म्हणायचो.

"अरे, जडीबुटी आहे, दवाई थोडीच आहे? मेटाबॉलिझम जागा झालाय, आवाज तर करणारच." घरी सांगायचं नाही, अशी शपथ मात्र त्यांनी माझ्याकडून घेतली.

एका दुपारी बेअरिंगचा खोका उतरवताना ते मटकन खाली बसले. नाडी धावत होती, मध्येच थबकत होती. मला त्यांचा राग आला, भीती त्याहून जास्त वाटली. निघताना मी ड्रॉवरमधली डबी खिशात टाकली.

"काही औषध घेता?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही," कदमजी म्हणाले. उशाशी मुलगी उभी होती. मी डबी टेबलावर ठेवली.

बाईंनी लेबल वाचलं. "यात उत्तेजक आहे. त्यानं चयापचय वाढतो जेमतेम, पण माणूस आडवा पडला तरी हृदय पळत राहतं आणि मग लय चुकते. लेबलवर न लिहिलेलं काय काय असेल, ते वेगळंच."

मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, मग अंगरख्याकडूनच कन्यादान करवून घेऊ का?"

कॅप्सूल त्याच दिवशी बंद झाल्या. कदमजी महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. स्टोअरमधून नट मागवला की बोल्ट यायचा.

लग्नात ते अंगरखा घालूनच उभे होते. बंद पोचत नव्हते, म्हणून मुलीनं मध्ये आपल्या शालूच्या कापडाची पट्टी जोडली होती. अक्षता पडल्यावर त्यांनी मला खुणेनं बोलावलं आणि मनगट पुढे केलं. नाडी संथ चालली होती.

"आज कुठवर गेलात?" मी विचारलं.

"कहीं नहीं, भिया," ते म्हणाले. "आज इथंच आहे."