करंज्या चांगल्या होत्या

नानांना मामीला एक गोष्ट सांगायची होती. त्या रविवारी मी ठाण्याला परत निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत पोचवायला आले आणि हळूच म्हणाले, "तू जा. तुझ्यासमोर नको. सांगतो मी तिला." त्याच आठवड्यात एका सकाळी दाढीचं पाणी घेऊन ओटीवर बसले असताना नाना गेले... शेजारच्यांचा थोरला मुलगा निरोप घेऊन माझ्या कचेरीत आला. टेबलासमोर येऊन उभा राहिला, आणि एवढंच म्हणाला, "घरी चला." त्यावरूनच मी काय ते समजलो. डोंबिवलीला पोचेपर्यंत दुःखाच्या जोडीने एकच प्रश्न मनात घोळत होता, आणि तो विचारण्याची ती वेळ नव्हती. नानांनी मामीला सांगितलं असेल का?

नाना म्हणजे माझे मामा, आईचे धाकटे भाऊ. मुरबाडच्या शाळेत शिक्षण संपत आलं तेव्हा पुढे काय करायचं हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्यापुढे आमच्यातलं कुणी गेलंच नव्हतं. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास नाना एकदा आमच्याकडे आले आणि जाताना मला बरोबर घेऊन गेले. आईला म्हणाले, "ताई, पोराचं डोकं चांगलं आहे. इथं ठेवून वाया घालवू नकोस." हायस्कूल आणि कॉलेज अशी सगळी वर्षं मी त्यांच्या डोंबिवलीच्या घरी राहिलो. नावापुढे पदवी लावणारा मी आमच्या घरातला पहिलाच. ती पदवी मी मिळवली असं लोक म्हणतात, पण मला ठाऊक आहे ती कुणाच्या घरात, कुणाच्या ताटावर मिळाली.

नाना कल्याण स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होते, नासणाऱ्या मालाकडे. नाशिककडून येणारी भाजी, खाडीवरची आणि मुंबईहून वर जाणारी मासळी, उन्हाळ्यात आंब्यांच्या करंड्या, विड्याच्या पानांचे गठ्ठे, दुधाच्या बरण्या. गाडी चुकली, वॅगन उन्हात उभी राहिली की हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर सडायचं. व्यापारी माल घ्यायला नकार द्यायचे, तेव्हा करंड्या फोडून, नाक घालून, कुठली गेली आणि कुठली राहिली हे नानांना ठरवावं लागायचं. दिवसभर हेच काम. संध्याकाळी घरी आले, पाय धुतले, की तेच काम ते स्वयंपाकघरात करायचे.

आमच्या घरी जाळीचं कपाट होतं. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले. त्यातलं पाणी नाना स्वतः बदलायचे. दूध आणलं की आधी उकळायचं, दुपारी पुन्हा उकळायचं, आणि उन्हाळ्यात ते भांडं पाणी भरलेल्या परातीत ठेवून वर ओलं फडकं टाकायचं. लोणी पाण्यात, आणि ते पाणी रोज नवं. लिंबं ओलसर वाळूच्या मडक्यात. कोथिंबीर मुळांसकट आणायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळायची. कांदे वाऱ्यावर पसरायचे, बटाटे अंधारात, पण दोघांची गाठ घालायची नाही. अख्खा भोपळा माळ्यावर महिनोन्‌महिने राहील, पण एकदा सुरी लागली की तो लगेच संपवायचा. ओल्या नारळाचं वाटण घातलेलं सकाळचं सकाळीच. थंडीत आमटी खळखळून उकळली तर दुसऱ्या दिवशी चालेल, श्रावण-भाद्रपदात अजिबात नाही. माझा कॉलेजचा डबा भरला की तो उघडाच ठेवायचा, वाफ जाईपर्यंत झाकण लावायचं नाही. मला गाडीची घाई, आणि नाना माझ्या डब्यावर पुठ्ठ्याने वारा घालतायत! "कोंडलेल्या वाफेनं भाजी आंबते," ते म्हणायचे. "जरा धीर धर, गाडी काय, एक गेली तर दुसरी येते." इतक्या वर्षांत माझं पोट बिघडून कॉलेज बुडालं असं मला आठवत नाही.

इथपर्यंत सगळं कौतुकाचंच. पण नाना जेवायला बसले की आधी प्रत्येक भांड्यावरचं झाकण उचलून वास घ्यायचे. आत्ता चुलीवरून उतरलेल्या भाताचाही. आमची शेजारीण, तिला सगळे काकू म्हणत, ती वाटी घेऊन आली की दारातूनच ओरडायची, "काय हो पार्सलबाबू, आमची उसळ पास का नापास?" नाना हसायचे, आणि हसता हसता वास घ्यायचेच. काकूला गंमत वाटायची. मामीला वाटायची नाही. एकदा ती ताट त्यांच्यासमोर ठेवून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "घ्या, हुंगून घ्या. पावती फाडा, मग वाढते."

मला तेव्हा मामीचा स्वभाव जरा तिखट वाटायचा. मग सुट्टीत मुरबाडला गेलो असताना आईने सांगितलं. नाना-मामींना एक मुलगा झाला होता. दुसऱ्या वर्षात होता, दुडुदुडु चालायचा. श्रावणात त्याचं पोट बिघडलं आणि तो गेला. डॉक्टरांनी कारण असं काही सांगितलं नाही. पण त्या दुपारी मामीने त्याला सकाळचं दूध पाजलं होतं, आणि नाना ड्यूटीवर होते. "तुझ्या मामाने तिला एका शब्दानेही कधी दोष दिला नाही हो," आई म्हणाली. "पण त्यानंतर तो वास घ्यायला लागला." त्यानंतर त्यांना मूल झालं नाही. नाना झाकण उचलायचे तेव्हा मामीला त्यात काय ऐकू येत असेल, हे मला त्या दिवशी कळलं. जो शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही, तो ती रोज दोन वेळा ऐकत होती.

आता करंज्यांची गोष्ट. मी डोंबिवलीला आल्याच्या पहिल्या एक-दोन वर्षांतली. मामीचं माहेर मालवणकडचं. तिचे भाऊ आबा कित्येक वर्षांनी तिच्याकडे येणार होते, बोटीने मुंबईला आणि तिथून आमच्याकडे. दिवस वैशाखाचे. साखर रेशनवर मिळायची, आणि तीही मिळेल तेव्हा. मामीने कित्येक आठवडे स्वतःच्या चहात साखर घातली नव्हती. ती साठवून तिने ओल्या नारळाच्या करंज्या केल्या. आबांना त्या लहानपणापासून आवडायच्या. सारण तिने इतकं परतलं होतं की मी म्हटलं, "मामी, करपेल गं." ती म्हणाली, "गप रे. नारळातलं पाणी पुरतं आटलं पाहिजे, म्हणजे उद्यापर्यंत राहतात. तुझ्या मामालाच कळतं होय सगळं?" आणि हसली. तिला तशी हसताना मी फारशी पाहिली नव्हती.

बोट उशिरा आली. आबा ठरल्या दिवशी आले नाहीत, दुसऱ्या दिवशी दुपारी आले. मामीने त्यांना पाटावर बसवलं, पाणी दिलं, आईची, वाडीची, गुरांची चौकशी केली आणि "थांब हां, तुझ्यासाठी काय केलंय बघ," म्हणत आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत गेलो तर ती जाळीच्या कपाटासमोर उभी होती. करंज्यांचा डबा घासून पालथा घातलेला होता. नाना नुकतेच कामावरून आले होते. मागच्या दाराशी पाय पुसत म्हणाले, "अगं, त्या आंबल्या होत्या. कपाट उघडलं तर केवढा वास! मी केळीच्या आळ्यात टाकल्या." मामी बाहेर गेली. तिने आबांसमोर गूळ आणि शेंगदाणे ठेवले. आबा भले माणूस, म्हणाले, "अगो, गुळासारखं गोड काय आसा?" आणि खाल्लं. ते दोन दिवस राहून गेले. पुढे त्यांचं येणं झालं नाही.

त्या दिवसापासून मामी आणि नाना भांडले असं नाही. उलट भांडणं थांबली. मामी पावती-बिवती काही म्हणेनाशी झाली. नाना झाकण उचलायचे, ती भिंतीकडे बघत थांबायची, मग वाढायची. सणावाराला गोडधोड व्हायचं, पण ओल्या नारळाची करंजी त्या घरात पुन्हा झाली नाही. मी शिकलो, पास झालो, ठाण्याला नोकरीला लागलो, लग्न करून तिथेच बिऱ्हाड केलं. नाना निवृत्त झाले. रविवारी मी जायचो, दोघंही भरभरून बोलायची... माझ्याशी.

तो शेवटचा रविवार. मामी काकूकडे गेली होती. मी आणि नाना ओटीवर बसलो होतो. समोर कुणाच्या तरी आंब्यांची हातगाडी गेली. तिच्याकडे बघत नाना म्हणाले, "वसंता, त्या करंज्या चांगल्या होत्या." मला क्षणभर संदर्भच लागेना. मग ते सांगत गेले. त्या दिवशी स्टेशनात आंब्यांची अख्खी वॅगन नासली होती. पहाटेपासून ते त्या रसात उभे होते. घरी आले, सदरा काढून कपाटाशेजारच्या खुंटीला लावला आणि कपाट उघडलं. आंबूस वास आला. करंज्या टाकल्या, डबा घासला. संध्याकाळी पुन्हा कपाट उघडलं तर तोच वास. डबा तर रिकामा! "मग सदरा नाकाला लावला..." ते म्हणाले.

मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तेव्हा आबा बाहेर बसले होते. मग म्हटलं, ते गेल्यावर सांगू. मग वाटलं, एकदा चुकलो म्हटलं की पुढे माझं कोण ऐकणार? पावसाळा तोंडावर होता." मग म्हणाले, "आणि नंतर ते सांगायचं म्हणजे... एवढ्याशा गोष्टीला इतकी वर्षं का लागली, तेही सांगावं लागलं असतं."

मी म्हटलं, "आज सांगा. तिला फार बरं वाटेल." त्यावर ते मान हलवून हो म्हणाले होते. फाटकाशी जे बोलले ते वर आलंच आहे.

दिवसवार झाले. पाहुणे परतले. काही दिवसांनी मी मामीकडे गेलो. ती चुलीशी बसली होती, दूध तापत ठेवलं होतं, एकटीचं, एवढंसं. मी शेजारी पाटावर बसलो आणि फार आढेवेढे न घेता तिला विचारलं, "मामी, मी गेलो त्या रविवारी नाना तुला काही बोलले का?"

तिने आठवून पाहिलं. "बोलले नाहीत. पण तू गेल्यावर बराच वेळ इथं दारात उभे होते. मी विचारलं, काय हवंय? तर म्हणाले, पाणी. दिलं. प्यायले आणि गेले बाहेर."

मग मी तिला सगळं सांगितलं. वॅगन, सदरा, खुंटी, रिकामा डबा. नाना जसे म्हणाले तसंच, माझं काही न घालता. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा चिडेल. ती लाकूड जरा मागे ओढत म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"चांगल्या होत्या ते. आबा हात धुवायला गेला तेव्हा मी केळीपाशी गेले. वरची एक उचलली, पुसली आणि खाल्ली. काही झालं नव्हतं तिला." तिने पदराने कपाळ पुसलं. "मी म्हटलं, कधीतरी म्हणतील. एवढं म्हणाले असते, तर मी पुढचंही विचारलं असतं."

 तिने माझ्याकडे वळून पाहिलं. मग तिने जे विचारलं, तो विषय इतक्या वर्षांत तिच्या तोंडून मी कधीच ऐकला नव्हता.

"दुधाचं काही म्हणाले का रे?"

नाना त्या शेवटच्या रविवारी माझ्याशी जे काही बोलले ते मी पुन्हा पुन्हा मनात आठवून पाहिलं. त्यात दूध नव्हतं. खोटं बोलावंसं फार वाटलं, पण मामीसमोर ते टिकलं नसतं. मी म्हटलं, "नाही गं. पण मामी, दुधामुळे काही झालं नसणार. त्या काळात पोरांना साथीनं..."

"तू काय सांगतोस?" ती शांतपणे म्हणाली. रागाने नव्हे, एखाद्या लहान मुलाला समजावावं तसं. "तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. घरात आम्ही दोघंच होतो."

दूध वर आलं. तिने ते उतरवलं नाही, फुंकर घालून खाली बसवलं आणि पुन्हा वर येऊ दिलं. मग भांडं परातीतल्या पाण्यात ठेवून ती त्याच्याकडे बघत बसली, ते निवायची वाट बघत.