चाळीस हवा

पंपावर हवेची नळी फुसफुसली, तापल्या रबराचा वास आला आणि आजही माझ्या उजव्या तळहाताला घाम सुटला. मी तोंड उघडायच्या आत शेजारून बायको म्हणाली, "तीस टाका, भाऊ." आमच्या गाडीच्या हवेचा आकडा कित्येक वर्षं तीच सांगते.

कित्येक वर्षांपूर्वी जंगलातल्या आलापल्लीत मे महिन्याची दुपार होती. पंक्चरवाले चाचा म्हणाले होते, "लहान गाडी आहे भाऊ, टायर घासून गेले. या उनात तीस बस झाली." डिक्कीत तांदळाची पोती होती, शेजारी बायको होती. हा मला शिकवतो काय, म्हणून मी खेकसलो, "चाळीस टाक म्हटलं ना!" त्यांनी नळी लावून चाळीस टाकली.

पानं झडलेल्या सागवनात पुढचं टायर बंदुकीसारखं फुटलं. गाडी एका खोडाला घासत थांबली आणि फुटक्या काचेनं बायकोचं कपाळ चिरलं. स्टेपनी चढवून मी परत फिरलो, तो वाटेतला दवाखाना ओलांडून थेट चाचांच्या दुकानावर. कॉलर धरून त्यांना टायरांच्या ढिगावर आपटलं आणि तोंडावर मारत सुटलो. "कशी हवा भरली बे?" त्यांचा ओठ फाटला, दात लाल झाले. मारताना मला वाटत होतं, मी बायकोसाठीच मारतोय.

चाळीस तुम्हीच सांगितली, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. माझ्या खांद्यावरून गाडीत पाहत एवढंच बोलले, "बाईचं रक्त वाहून राह्यलं, भाऊ. पहिले तिले दवाखान्यात न्या. मले मंग मारजा."