खंडेनवमीला उघडलेली मूठ

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. या ग्रुपवर मी येते ती हसायला. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाच्या मागं विहिरीतलं काहीतरी लागतं... आणि खाली शिकलीसवरली माणसं हात जोडून बसलेली! तरीही लिहितेय, कारण झालं ते माझ्याच टेबलावर झालं, भरदिवसा.

कुपवाडच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी रोबोटसाठी इलेक्ट्रॉनिक त्वचा बनवते. त्वचा म्हणजे रबरासारखा पातळ पापुद्रा, आत बारीक सेन्सर. तो रोबोटच्या पंजावर चढवला, की द्राक्षाचा घड उचलताना किती दाबायचं हे पंजाला कळतं. एवढंच. जादूबिदू काही नाही, वायरी आहेत.

माझे वडील, आबा, याच एमआयडीसीत पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होते. तिथंच मनगटापासून उजवा हात गेला. पण गेलेला हात दुखायचा थांबेना! "मूठ आवळल्याली हाय गं, उघडंना. नखं रुतत्यात," म्हणायचे. यात भुताखेताचं काही नाही, मेंदूला हात गेल्याचं कळलेलं नसतं. पण आमच्या दहिवडीच्या आत्याला हे कोण समजावणार? तिनं देवरुषी आणला, लिंबू उतरवलं, अंगारा फासला. मी त्या बुवाला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं. मात्र डॉक्टरांच्या गोळ्यांनीही फरक पडेना, हे खरं. शेवटी आबांनी हट्टच धरला — कोपरापासून हात कापून टाका. एक डॉक्टर नको म्हणाले, तर हे दुसरा शोधायला निघाले. मी घाबरले होते. सरळ सांगते, जाम घाबरले होते.

खंडेनवमीला आमच्याकडं मशीनपूजा असते. मेन स्विच बंद, मशीनला कामाला लावायचं नाही, झेंडूचे हार, पेढे. जुन्या ओळखीमुळं आबांनाही बोलावलं होतं. ते बाहेर गेटजवळच्या बाकावर वॉचमनशी गप्पा मारत बसले होते.

आत मालकांच्या आई, आक्का, ताट घेऊन फिरत होत्या. कॉम्प्रेसरला कुंकू, प्रिंटरला कुंकू, माझ्या लॅपटॉपलाही कुंकू! पुढं माझ्या टेबलावर रोबोटचा पंजा होता, आदल्या दिवशीच्या टेस्टनंतर मिटलेलाच राहिलेला.

"आक्का, त्याला हळद नका लावू हं, सेन्सर खराब होतील."

"गप गं! वरसातनं एकदा पूजा, त्यात बी तुजं शास्तर. आन् ह्यो मूठ का आवळून बसलाय? विडा ठिवू कुटं?"

आणि त्यांनी एकेक बोट धरून मूठ उघडली. तळव्यावर ओली पानं ठेवली, वर सुपारी. मी मनातल्या मनात बाईंना नको नको ते बोलत होते...

तेवढ्यात बाहेरून आबा ओरडले. मी धावले. चहाचा कप खाली पडलेला, आणि आबा तुटक्या मनगटाकडं बघत रडत होते.

"सुटली गं बाय! मूठ सुटली. येकयेक बोट कुणीतरी उघाडलं."

"आबा, शांत व्हा. दुखतंय का?"

"न्हाई गं. गार वाटतंय. तळव्यावर कायतरी वलं ठिवलंय... पान हाय का गं?"

मी खाली पडलेला कप उचलला.

आता कमेंटमध्ये विद्वान उगवतील. आरशात धडका हात दाखवून, गेलेलाच हात उघडतोय असं मेंदूला फसवतात म्हणे — माहितेय मला! पण आबांना आतलं काही दिसतच नव्हतं, मध्ये दोन भिंती होत्या. आतलं बोलणं ऐकू आलं असेल? वॉचमन शेजारीच होता, त्याला एक शब्द ऐकू आला नव्हता. पंजाला वीज नव्हती, बॅटरी काढलेली होती. योगायोग? बरं. मग योगायोगाला पान कसं कळलं, तेवढं सांगा. आणि तिकडं आत्या गावभर सांगत सुटलीय, की तिच्या अंगाऱ्याला उशिरानं गुण आला!

आबांना आता शांत झोप लागते. कोपराचं नाव काढत नाहीत. डाव्या हातानं पेपर धरून निवांत वाचत बसतात.

दसऱ्यानंतर कामावर गेले, तर मालक म्हणाले, "ती हळद पुसा आणि टेस्ट सुरू करा." खरं तर छडा लावणं सोपं होतं. बटण दाबायचं, पंजाची मूठ मिटायची आणि घरी फोन लावायचा — "आबा, बरं आहे ना?" एका मिनिटात कळलं असतं, की सगळा खुळेपणा आहे. जन्मभर मी लोकांना हेच सुनावत आलेय, आधी तपासा, मग बोला.

मी बटणावर बोट ठेवलं. आणि उचललं.

मालकांना खोटंच सांगितलं, की हळदीनं सेन्सर गेले, टेस्टला दुसरा पंजा घेऊ. तो पंजा माझ्या कपाटात आहे, कुलूपबंद, बोटं उघडी. याला काय म्हणायचं, मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला हसायचं तर खुशाल हसा. ती मूठ मी मिटणार नाही.