मामूंची अठराशे बाराची लढाई

अमेरिका आणि इंग्रज यांच्यातली अठराशे बाराची लढाई सौदीतल्या जुबैलच्या उन्हात एकट्याने लढणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो रोज कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसतो. आम्ही सगळे त्यांना मामू म्हणतो. दाभोळकडचे, प्लांटवर पाइपलाइनचे फोरमन, आणि स्वभावाने इतके सुतकी की ईदच्या मुबारकबादीलाही उसासा टाकून उत्तर देतात. लढाईचं नाव निघालं की मात्र गडी खुलतो. इंग्रजांची आरमारी जहाजं अमेरिकेची गलबतं भरसमुद्रात अडवून त्यांवरचे खलाशी जबरदस्तीने कसे उचलून नेत, हे सांगताना ते पुढच्या सीटवरच्या माणसाची कॉलर धरतात. "आणि वर व्यापाराचीही नाकेबंदी! कोण सहन करील?" एकदा मेसमध्ये आम्ही बिर्याणीला हात घालणार, तोच म्हणाले, "थांबा. राष्ट्राध्यक्षाच्या घरात असंच जेवण वाढलेलं होतं. इंग्रज आले, जेवले आणि मग घर पेटवलं." पुढे कोणाला घास गोड लागला नाही. बसचा पेशावरी ड्रायव्हर तर सकाळी सलामाऐवजी विचारायचा, "मामू, आज कौन जीता?" यावर मामूंचं उत्तर ठरलेलं, "अभी कोई नहीं."

हे वेड लागलं ते मुलीमुळे. मुलगी कॅनडात नर्स आहे. बायको गेली तेव्हा मामू इथेच होते. देशाबाहेर पडायच्या परवानगीचा, एक्झिटचा कागद हातात पडेपर्यंत तिकडे गावी दफन उरकलं होतं. तेव्हापासून बापलेकीचं फोनवरचं बोलणं 'जेवलीस का' आणि 'गोळ्या घेता का' एवढ्यावर येऊन थांबलं. एकदा ती सहज म्हणाली, आज एक जुना किल्ला पाहिला, अठराशे बारात अमेरिकेने इंग्रजांच्या कॅनडावर चाल केली होती तेव्हाचा. मामूंनी तेवढा धागा पकडला. आठवडाभर मोबाइलवर वाचायचं आणि शुक्रवारी तिला सांगायचं. नावं चुकायची, सैन्यं भलत्याच नदीपार जायची, पण ती ऐकायची. मामू लढाई जपून, पुरवून वापरत होते.

तरी ती संपलीच. तह झाल्याची बातमी जहाजाने पोचेपर्यंत न्यू ऑर्लिन्सला उगाच माणसं मेली, सरहद्द होती तिथेच राहिली, हे सांगून झालं आणि मामू पुन्हा 'जेवलीस का'वर आले. पलीकडून ती म्हणाली, "अब्बा, मी जन्मायच्या आधी अम्मी कशी होती?"

हे त्यांनी मला बसमध्येच सांगितलं, खिडकीबाहेर बघत. मी विचारलं, "मग?"

"मग काय. लग्नानंतर पहिल्यांदा माडीवरून मला हाक मारायला लाजली आणि वरून सुपारी फेकून मारली, ते सांगितलं. हसली पोरगी. मग रडली."

आता मामू लढाईबद्दल बोलत नाहीत. शुक्रवारचा फोन मात्र तासभर चालतो. परवा मी म्हटलं, "बरं झालं मामू, आता विषयाला तोटा नाही."

त्यांनी मान हलवली. "लढाई वाचून ताणता येते रे. पण पोरीच्या अम्मीबरोबर मी राहिलो किती? दोन वर्षांनी एक सुट्टी. तेवढंच आहे माझ्याकडे सांगायला. या रमजानपर्यंत पुरेल."